एका तारखेची तीन स्मरणे

घरोघर भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत तिथी, नक्षत्र आणि सणवार यांच्याखाली बारीक टाइपात दोनचार ओळी छापलेल्या असतात. अमक्याचा जन्म, तमक्याचे निधन, कोठेसा तह, कोठेसा किल्ला सर. दुधाचा हिशेब पाहावयास किंवा एकादशी केव्हा हे शोधावयास गेलेली दृष्टी त्या ओळींवरून सहसा घसरून जाते. शाळेतील मुलांना तर सनावळी हा शब्द उच्चारला तरी कापरे भरते. शिवाय एकाच तारखेला निरनिराळ्या वर्षी घडलेल्या चार गोष्टी एका खाली एक मांडल्या, तर त्यांतून निष्पन्न ते काय होते, असा प्रश्न एखादा चाणाक्ष विद्यार्थी करील, तर तो गैर म्हणता येणार नाही. वर्षाचे दिवस ३६५ आणि नोंद ठेवण्याजोग्या घटना असंख्य. तेव्हा एकेका दिवसाच्या वाट्याला अनेक घटना याव्यात यात नवल ते कोणते?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या एकाच लोहमार्गावर वसलेल्या शहरांच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडण्याजोगे आहे. परंतु त्यापूर्वी तारीख ही वस्तू किती भरवशाची आहे, हे थोडे तपासून घेतले पाहिजे.

तारीख ही निसर्गाने घालून दिलेली नसून माणसाने ठरविलेली आहे. सन १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु शरणागतीच्या कराराचा दिवस कोणता म्हणून विचारावे, तर इंग्रजी पद्धतीच्या गणनेने तो ५ मे ठरतो आणि पोर्तुगीजांच्या गणनेने १६ मे. दोन्ही बाजू खऱ्याच आहेत. पोप ग्रेगरी याने सन १५८२ मध्ये सुधारलेली कालगणना पोर्तुगीजांनी लागलीच स्वीकारली होती. इंग्रजांनी ती सन १७५२ पर्यंत मान्य केली नाही. त्यामुळे एकाच किल्ल्याच्या एकाच दिवसाला दोन तारखा मिळाल्या आणि त्यांत ११ दिवसांचे अंतर पडले. मराठ्यांच्या दप्तरात तर हिशेब तिथीचा. सारांश, एकच दिवस तीन लेखण्यांनी तीन नावांनी लिहिला. तारखेच्या आकड्यात स्वतःचे असे काही सामर्थ्य नाही, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरे एक उदाहरण याहून जवळचे आहे. ठाणे महानगरपालिका सन १९८२ च्या १ ऑक्टोबर रोजी अस्तित्वात आली. कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका त्यापुढील वर्षी, म्हणजे सन १९८३ मध्ये, त्याच १ ऑक्टोबर रोजी स्थापन झाली. आणि कल्याणहून वाशिंदपर्यंतचा लोहमार्ग सन १८५५ मध्ये सुरू झाला, तोही १ ऑक्टोबर रोजीच. तिन्ही गोष्टी एकाच मुलखातल्या, तिन्ही महत्त्वाच्या. परंतु एकीतून दुसरी उपजली, असे कोणासही म्हणता येणार नाही. तारीख तेवढी जुळली, धागा मात्र जुळला नाही. हा निव्वळ योगायोग होय. दिनदर्शिकेतील बहुतेक जुळणी याच जातीची असते आणि ती मौजेपुरतीच घ्यावी, हे बरे.

तथापि एखादी तारीख अशीही असते, की तिच्यावर पडलेल्या घटनांची गाठ प्रथम योगायोगाने पडलेली दिसते. परंतु ती उकलू लागावे, तो आत खराच एक धागा हाती लागतो. मे महिन्याची पहिली तारीख अशांपैकी आहे.

सन १८५३ च्या १६ एप्रिलची गोष्ट शाळकरी मुलेही सांगतात. त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास तोफांच्या सलामीत बोरीबंदराहून १४ डब्यांची आगगाडी निघाली आणि सुमारे ४०० निमंत्रित पाहुण्यांना घेऊन २१ मैलांवरील ठाण्यास पोहोचली. तीन इंजिनांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या या उद्योगास नाना शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकर पुढाऱ्यांचे पाठबळ लाभले होते. हा दिवस पुस्तकांत आहे, टपालाच्या तिकिटांवर आहे, समारंभांत आहे. परंतु त्यानंतर एक वर्ष आणि पंधरा दिवसांनी, म्हणजे सन १८५४ च्या १ मे रोजी, ठाण्याच्या पुढचा मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात आहे? रोज सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे आयुष्य १६ एप्रिलने घडविलेले नाही. ते या १ मेने घडविले आहे.

वस्तुतः कामाच्या दृष्टीने पाहता ठाण्यापर्यंतचा मार्ग त्या मानाने सोपा होता. ठाण्याशी मात्र खाडी आडवी येते. तिच्यावर पूल बांधल्यावाचून गाडीला साष्टी बेटाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. पूल ओलांडून कळव्याच्या बाजूस यावे, तो पारसिकचा डोंगर वाट अडवून उभा. डोंगराचा पायथा आणि खाडीचे पाणी यांमध्ये मुंब्र्याजवळ जी चिंचोळी पट्टी सापडली, तिच्यातून मार्ग वळवून नेण्यात आला आणि जेथे खडक अगदीच पुढे आला होता, तेथे दोन बोगदे खोदण्यात आले. कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांची ही आखणी. मुंब्र्यावरून जाणाऱ्या प्रवाशाला वळण घेत घेत हे लहान बोगदे ओलांडावे लागत. डोंगराच्या पोटातून आरपार जाणारा सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा पारसिकचा मोठा बोगदा पुष्कळ नंतरचा, सन १९१६ चा. पहिली गाडी गेली, ती वळणाच्या वाटेने.

अशा रीतीने आगगाडी कल्याणास आली. कल्याण हे गाव तिला नवे असले, तरी जगाला नवे नव्हते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या वृत्तांतात या बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची नावे कोरलेली आहेत. शिवछत्रपतींनी सन १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराचा उद्योग याच खाडीकाठी सुरू झाला. जे गाव शतकानुशतके पाण्याच्या वाटेने जगाशी बोलत होते, त्याला १ मे १८५४ रोजी लोखंडाची वाट मिळाली. पुढे सन १८५५ मध्ये एक फाटा वाशिंदकडे आणि सन १८५६ च्या मे महिन्यात दुसरा खोपोलीकडे निघाला. एक थळघाटाच्या, तर दुसरा बोरघाटाच्या रोखाने. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन या दोहोंकडे जाणाऱ्या वाटा ज्या ठिकाणी फुटल्या, ते कल्याण जंक्शन झाले. त्या वेळी डोंबिवली हे भातशेतीच्या शिवारातील लहानसे खेडे होते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या कामाचा वृत्तांत लिहिणाऱ्यांनी गव्हर्नरांची, इंजिनिअरांची आणि कंत्राटदारांची नावे नोंदविली आहेत. ज्यांनी खाडीच्या चिखलात उभे राहून पुलाचे पाये खणले, ज्यांनी मुंब्र्याचा काळा खडक सुरुंगाने फोडला आणि ज्या बायांनी पाटीपाटीने तो फोडलेला दगड वाहिला, त्यांची नावे मात्र कोठेही नाहीत. पुढे घाटांतील काम भरात असता मजुरांची संख्या ४० हजारांवर गेली होती आणि पटकीच्या साथीने त्यांच्या वस्त्यांच्या वस्त्या उठल्या. अपघातात आणि रोगराईत किती दगावले, याचा हिशेबही नीट राहिला नाही. कान्हेरीच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव वाचावयास मिळते. परंतु अवघ्या पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंब्र्याचा बोगदा खोदणाऱ्याचे मिळत नाही, हा विचार करावयास लावणारा विरोध आहे.

हा काळच यंत्राच्या कौतुकाचा होता. सन १८५१ मध्ये लंडन शहरी काचेच्या प्रचंड महालात सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे जे महान प्रदर्शन भरले, त्याचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने केले, ते १ मे रोजीच. तेथे आगगाडीची इंजिने मांडलेली होती, माग होते, हिंदुस्थानातील कलाकुसरही होती. लाखो लोकांनी ते पाहिले. यंत्रे पाहावयास मिळत होती. ती चालविणारा किती तास राबतो, हे मांडून ठेवण्याची सोय तेथे नव्हती. तेथून बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला कल्याणच्या फलाटावर तसलेच इंजिन येऊन उभे राहिले.

आता या घटनेचा पुढचा धागा पाहू. ज्या १८५४ साली आगगाडी कल्याणास पोहोचली, त्याच साली कावसजी दावर यांनी मुंबईत सुताची गिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला. आगगाडीने देशावरचा कापूस मुंबईस आणावा, गिरणीने त्याचे सूत करावे आणि तेच सूत पुन्हा आगगाडीने आणि आगबोटीने बाहेर धाडावे, असे चक्र सुरू झाले. कापसापाठोपाठ माणसेही आली. कोकणातून गलबताने आणि आगबोटीने, घाटावरून पायी आणि पुढे आगगाडीने. गिरणीत कामाचे तास ठरलेले नसत. सूर्य उगवला की भोंगा वाजावा आणि दिसेनासे होईपर्यंत यंत्र चालावे, हा नियम. उन्हाळ्यात दिवस मोठा. म्हणून कामही मोठे. आठवड्याच्या सुटीची खात्री नाही, पगार हाती केव्हा पडेल याची निश्चिती नाही आणि यंत्रात हात सापडला, तर भरपाई नाही.

या अंधारात ज्याने पहिला दिवा लावला, तो पुरुष ठाण्याचाच. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म सन १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, परिस्थिती गरिबीची. ठाण्यास पहिली आगगाडी आली, तेव्हा त्यांचे वय पाच वर्षांच्या आसपास होते आणि ती कल्याणपर्यंत गेली, तेव्हा सहाच्या आसपास. शिक्षण बेताचेच झाले. पुढे मुंबईत एका गिरणीत कोठारावर नोकरी करीत असता कामगारांचे हाल त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. सन १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी मुंबईत वाहिली. सन १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचल्या म्हणजे मन थक्क होते, कारण त्या अत्यंत साध्या आहेत. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पगार मिळावा. सूर्यास्ताला काम थांबावे, ही ज्या काळी मागणी होती, तो काळ कसा असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

या मागण्या मान्य होण्यास सहा वर्षे लागली. सन १८९० च्या २४ एप्रिल रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी सावकाश चहा घेत वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक घराने ठाण्याच्या या सुपुत्राचे एवढे ऋण मानावयास हरकत नसावी.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला काय चालले होते? अमेरिकेत सन १८८६ च्या १ मे रोजी तीन लाखांहून अधिक कामगारांनी काम बंद ठेवले. त्यांची मागणी दिवसाचे तीन सारखे भाग करावेत, अशी होती. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास ज्याचे त्याला. शिकागो शहरी ३ मे रोजी पोलिसांनी गोळी झाडली, ४ मे रोजी हेमार्केट चौकातील सभेत बाँब फुटला, त्यात पोलीस आणि कामगार दोन्ही मेले आणि पुढे सन १८८७ च्या नोव्हेंबरात चौघांना फाशी देण्यात आले. सन १८८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या कामगार प्रतिनिधींच्या परिषदेने ठराव केला आणि त्यानुसार १ मे १८९० हा दिवस निरनिराळ्या देशांत प्रथम पाळण्यात आला.

या दोन मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात. महालक्ष्मीची सभा २४ एप्रिल १८९० ची. युरोप-अमेरिकेतील मिरवणुका १ मे १८९० च्या. मध्ये अवघे सात दिवस. एका सभेने दुसरीला स्फूर्ती दिली, असे मानण्याचे कारण नाही. परंतु दुखणे एकच असल्यावर औषधाची हाकही सारखीच उठावी, यात अस्वाभाविक काहीच नाही. यंत्र जेथे जेथे गेले, तेथे तेथे माणसाच्या वेळेचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ गेला. हिंदुस्थानात १ मे हा कामगार दिन म्हणून प्रथम पाळला गेला, तो सन १९२३ मध्ये, मद्रासेत, सिंगारवेलू यांच्या पुढाकाराने. कायद्याची पावले मंद पडत गेली. सन १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी दिली. सन १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस १२ तासांचा केला. सन १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४ तास आणि डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असता जी वाटचाल सुरू झाली, तिच्या फळादाखल १९४६ मध्ये ४८ तास ही मर्यादा आली. शिकागोच्या मागणीपासून येथवर येण्यास ६० वर्षे लागली.

तिसरे स्मरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन करणाऱ्या कायद्याने नेमलेला तो दिवस. राजभवनात पंडित नेहरूंच्या उपस्थितीत समारंभ झाला आणि यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. परंतु त्या मंगल प्रभातीच्या मागे मोठी किंमत होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी झालेल्या गोळीबारात माणसे पडली आणि चळवळ संपेपर्यंत हुतात्म्यांची गणना १०६ वर पोहोचली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत मतामतांचे पुढारी एकत्र आले होते. परंतु मोर्च्यांत चालणारी आणि गोळीपुढे उभी राहणारी माणसे फार मोठ्या प्रमाणात गिरणगावातील, गोदीतील, कारखान्यांतील होती. म्हणूनच हुतात्मा चौकातील स्मारकावर राजा नाही, सेनापती नाही; एक शेतकरी आणि एक कामगार मशाल धरून उभे आहेत.

ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने त्या दिवसाला एक वेगळी बाजूही आहे. राज्याची सीमा आखताना याच जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. ज्या सकाळी एका राज्याचा जन्म झाला, त्याच सकाळी दुसऱ्याचाही झाला आणि ठाण्याच्या उत्तर टोकाच्या गावांनी एका रात्रीत राज्य बदलले. आनंदाच्या दिवशीही कोणाच्या तरी दारात रेघ ओढली जाते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

चौकस श्रोत्यासाठी पंचांगातील एक मौज सांगण्याजोगी आहे. १ मे १८५४ आणि १ मे १९६० हे दोन्ही दिवस वैशाख शुद्ध पक्षात येतात; शिकागोचा १ मे १८८६ मात्र चैत्र वद्यात पडतो. म्हणजे तिथीच्या हिशेबाने ही तिन्ही स्मरणे एकत्र येणारच नाहीत. मग त्यांना एकत्र आणते ते काय? ती तारीख नव्हे. लोखंडी रुळाने कापूस आणि माणूस गिरणीत आणला, गिरणीने कामगार घडविला, कामगाराने प्रथम स्वतःच्या वेळेसाठी आणि पुढे स्वतःच्या भाषेच्या राज्यासाठी झगडा दिला, ही खरी साखळी आहे. तारीख फक्त त्या साखळीवर अडकविलेली चिठ्ठी. चिठ्ठी चुकून जुळली असेल, साखळी चुकून जुळलेली नाही. १ ऑक्टोबर आणि १ मे यांतील भेद तो हाच.

आणि साखळी म्हटली, की तिची शेवटची कडी वर्तमानात येऊन पोहोचते. ज्या १ मेने ठाणे-कल्याण जोडले आणि ज्या १ मेने दिवसाचे तीन भाग मागितले, त्या दोघांचा डोंबिवलीच्या फलाटावर रोज सामना होतो. कचेरीत आठनऊ तास जातात. डोंबिवली ते मुंबई हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. एका बाजूस तासा-सव्वा तासाचा प्रवास, त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची आणि स्टेशनापासून कचेरीपर्यंतची धावपळ मिळवा. जाऊन येऊन तीन तास सहज होतात. हे तीन तास येतात कोठून? कामाच्या आठांतून येत नाहीत. झोपेच्या आठांतून थोडे आणि उरलेले त्या तिसऱ्या आठ तासांतून, जे ज्याचे त्याला मिळावेत म्हणून इतकी माणसे झगडली. मुलाचा अभ्यास घेणे, वृद्ध मातापित्यांशी चार शब्द बोलणे, पुस्तक उघडणे, गाण्यास बसणे, हे सारे त्या तिसऱ्या भागातले. तो भाग गाडीच्या दारात उभ्याने खर्ची पडतो.

कधी कधी वेळेपुरतेच भागत नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी त्याच मुंब्र्याच्या वळणावर, भरून वाहणाऱ्या दोन लोकल गाड्या एकमेकींच्या शेजारून जात असता दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काही जण प्राणास मुकले. खडक आणि खाडी यांच्या मधल्या ज्या चिंचोळ्या पट्टीत १८५४ पूर्वी अनाम मजूर राबले, तेथेच कामावर निघालेली माणसे पडली. ठाणे ते दिवा यांदरम्यान पाचवा आणि सहावा मार्ग सन २०२२ मध्ये सुरू झाला होता. तरीही दारातील गर्दी ओसरली नव्हती. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांतही कामावर गेलेली माणसे परतली नाहीत. लोखंड्यांच्या १८८४ च्या अर्जातील जखमी कामगाराविषयीचे कलम अशा वेळी जुने वाटत नाही.

यावर आगगाडीला दोष देणे हे कृतघ्नपणाचे होईल. तिने या मुलखाला अन्न दिले, शाळा-ग्रंथालये उभारण्याइतकी सुस्थिती दिली, खेड्याचे शहर केले. चूक रुळांची नाही. माणसे एका टोकाला राहतील आणि कामे दुसऱ्या टोकाला राहतील, ही व्यवस्था जणू निसर्गनियमच आहे, असे समजून चालण्यात चूक आहे. सूर्यास्ताला काम थांबणे हेही एके काळी अशक्यच मानले जात होते. ठाण्यात जन्मलेल्या एका कोठारावरच्या कारकुनाने ते अशक्य मानले नाही, इतकेच.

तेव्हा पुढल्या वर्षी १ मेची चौकट समोर येईल, त्या वेळी तिच्यात छापलेल्या ‘महाराष्ट्र दिन’ आणि ‘कामगार दिन’ या दोन ओळींखाली घरातील एखाद्या मुलाकडून पेन्सिलीने तिसरी ओळ लिहवून घ्यावी : ‘१८५४, ठाणे ते कल्याण’. मुलगा साहजिकच विचारील, या तिहींचा एकमेकांशी संबंध काय? तो संबंध त्याला सांगावयास पाऊण तास तरी लागेल. सुटीचा दिवस आहे. तेवढा वेळ घरच्या मंडळींपाशी त्या दिवशी तरी असतो. तो वेळ मुलापाशी बसून घालविणे, हेच या तारखेचे योग्य स्मरण होय.